झाकायचं राहिलेलं नाव

"चारच शब्द," आयुक्तसाहेब शिक्केबाईंच्या कानाशी लागून म्हणाले. "कागद नेहमीप्रमाणेच पाठवला होता. कुणी कितीही फिरवून विचारलं तरी हेच. त्यात खोटं काही नाही."

शिक्केबाईंनी मान हलवली. संसदेच्या समितीच्या दालनाबाहेर बाकावर बसून त्यांना पाऊण तास झाला होता आणि तेवढ्यात त्या तीनदा बाथरूमला जाऊन आल्या होत्या. घशाला कोरड पडलेली, पण पाणी प्यायलं तर चौथ्यांदा जावं लागेल म्हणून तेही पिववेना.

धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयात त्या सव्वीस वर्षं आवक-जावक सांभाळत होत्या. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा, पुढे धाडायचा. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. एखाद्या संस्थेविरुद्ध तक्रार आली की तिची झेरॉक्स खुलासा मागण्यासाठी त्याच संस्थेकडे जायची. ही रीत ज्याने पाडली त्याच्या डोक्याची कमालच म्हणायची. शिक्केबाईंनी आपल्यापुरता तिच्यावर उपाय काढला होता. तक्रारदाराच्या नावावर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवायची आणि मगच झेरॉक्स काढायची. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या हे करतात याचा कुणाला पत्ताही नव्हता. कचेरीत बिनबोभाट होणाऱ्या कामाकडे बघायला सवड कुणाला असते?

पाच महिन्यांपूर्वी एका अनाथाश्रमातल्या आयाबाईंचं पत्र आलं. मुलांना शिक्षा म्हणून अडगळीच्या खोलीत कोंडतात, असं दोन पानं लिहून खाली पूर्ण नावानिशी सही केली होती. त्या दिवशी मशीनमध्ये कागद अडकला. शिक्केबाईंनी झाकणं उघडून चुरगळलेला कागद ओढून काढला, मशीनचा उद्धार केला, पत्र पुन्हा काचेवर ठेवून बटण दाबलं. या खटाटोपात पट्टी कुठेतरी पडली ती पडलीच. दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या झेरॉक्सची कार्यालयाची प्रत फायलीला लावताना त्यांना ते नाव दिसलं, ठसठशीत. टपाल तोवर गेलं होतं. आठवडाभरात आयाबाईंना आश्रमाने घरी बसवलं.

शिक्केबाई कुणाला काही बोलल्या नाहीत. निवृत्तीला चौदा महिने होते, नवरा अंथरुणाला खिळलेला. आयाबाईंच्या प्रकरणावरून, तक्रारदारांची नावं फुटतात कशी, आणि हे कार्यालय खरंच स्वतंत्र आहे की संस्थाचालकांच्या ओंजळीने पाणी पितं, याची चौकशी समितीने सुरू केली तेव्हा साहेबांनी फाइल मागवली. ती परत आली तेव्हा तिच्यात ती प्रत नव्हती. साहेब तेव्हा एवढंच म्हणाले होते की तुमच्या पेन्शनच्या कागदांवर सही माझी लागते.

शिपायाने पुकारा केला. आत लांबलचक टेबलामागे नऊ सदस्य होते, मधोमध अध्यक्षबाई. मागच्या खुर्चीवर, मांडीवर पर्स धरून आयाबाई बसल्या होत्या. शिक्केबाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी पाहताक्षणी ओळखलं, आणि त्यांच्याकडे पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं.

साहेब छान बोलले. कार्यालयाची कार्यपद्धती चोख असल्याचं त्यांनी सांगितलं, स्वतंत्र यंत्रणेवर असा अविश्वास दाखवला तर तिचा कणाच मोडेल असंही सुनावलं. मग आवाज मऊ करून म्हणाले की बऱ्याचदा तक्रारदारच घरीदारी बोलून बसतात, माणसाचा स्वभाव आहे, त्याला कार्यालय काय करणार.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "कागद या बाईंच्या हातून गेला ना? मग बाई, तुम्हीच सांगा. नाव झाकलेलं होतं?"

"कागद नेहमीप्रमाणेच..." शिक्केबाईंनी सुरुवात केली. नको तिकडे नजर गेली. आयाबाई खाली बघून हळूहळू मान हलवत होत्या. साहेबांचं त्यांना पटलं होतं. आपणच कुठेतरी बोललो असू, असं ती मान म्हणत होती.

शिक्केबाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून झाकायचं राहिलं."

साहेबांची खुर्ची करकरली. अध्यक्षबाईंनी विचारलं, नाव झाकायचा नियम कोणता? नियम नाही, शिक्केबाई म्हणाल्या, आणि पट्टीचं सगळं सांगितलं. म्हणजे सव्वीस वर्षं सगळ्या तक्रारदारांची नावं तुमच्या त्या पट्टीच्या भरवशावर होती? एका सदस्याला हसू फुटलं, पण दुसरं कुणी हसलं नाही म्हणून त्यानेही आवरतं घेतलं. मग कार्यालयाची प्रत कुठे आहे, असा प्रश्न आला. साहेबांना विचारा, असं त्या म्हणाल्या आणि टेबलाची कड घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"पाच महिने का नाही सांगितलंत?"

"भीती वाटत होती."

"आणि आता?"

"आताही वाटतेय."

बाहेर आल्यावर त्या भिंतीला टेकल्या. साहेब त्यांच्याकडे न बघता पुढे निघून गेले. उद्या टेबलावर काय कागद येणार हे कळायला ज्योतिषी नको होता. नवऱ्याला काय सांगायचं याची जुळवाजुळव चालली होती, तेवढ्यात आयाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. त्या शिव्या देतील, निदान रडतील, असं शिक्केबाईंना वाटलं.

"पत्र लिहिलंय हे मी फक्त धाकट्या बहिणीला सांगितलं होतं," आयाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, तिनेच चहाडी केली. दारातून हाकलून दिलं मी तिला. पाच महिने बोलणं टाकलंय."

शिक्केबाईंनी माफ करा म्हणायला तोंड उघडलं, पण आयाबाईंनी पर्समधून मोबाइल काढून नंबर लावलाही होता.

"तुम्हीच सांगा तिला. माझं ती ऐकून घ्यायची नाही."

मोबाइल हातात आला. समितीसमोर वाटली नव्हती एवढी भीती आता वाटायला लागली. घंटी वाजत राहिली. उचलू नये असं शिक्केबाईंना मनापासून वाटत होतं. पलीकडून कुणीतरी उचलला आणि तुटकपणे विचारलं, "आता काय काढलंस?"

"मी ताई नाही," शिक्केबाई म्हणाल्या आणि आपलं खरं नाव सांगितलं. "फोन ठेवू नका. चूक माझी आहे."

आयाबाई पर्स छातीशी धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.