पाहण्यापुरता दिवा

बीडजवळच्या पाली गावच्या शिवारात, बिंदुसरेच्या धरणाकडे जाणाऱ्या वाटेला लागून डॉक्टर एलिझर किहीमकर यांचे बैठे घर आहे, आणि त्या घराच्या कुंपणाला पाठ लावूनच तात्याबाचा मेंढवाडा आहे. मेंढपाळाच्या पोटी जन्मलेल्या माणसाची एक नजर सदैव कळपावर असावी लागते. दुसरी नजर मात्र मोकळी असते, आणि तात्याबाची ती मोकळी नजर गेली आठ वर्षे एकाच जागी गुंतून पडली होती.

दर शुक्रवारी दिवस मावळण्यापूर्वी डॉक्टरांच्या आतल्या खोलीच्या खिडकीत तेलाचे दोन दिवे लागत. त्या घटकेपासून शनिवारी आभाळात तीन चांदण्या उमटेपर्यंत त्या घरातल्या माणसांचे हात जणू कोणी मायेने बांधून ठेवी. चूल पेटत नसे, मोटारसायकल हालत नसे, विजेच्या बटणाला बोट लागत नसे. त्या दिवसाला ते शब्बाथ म्हणत. डॉक्टर सरकारी पशुवैद्य होते. तीस वर्षे त्यांनी याच जिल्ह्यात गुरांची सेवा केली आणि निवृत्तीनंतर येथेच घर बांधले. ते बेने इस्राएल, म्हणजे यहुदी धर्माचे. वाडवडील कोकणच्या किनाऱ्यावरचे आणि भाषा आपलीच मराठी. गाव त्यांना आदरानेच, पण पाठीमागे, ‘शनवारचं डाक्टर’ म्हणत असे.

तात्याबाला त्या दिव्यांचे फार कुतूहल. त्याची बायको बायडाबाई त्याला टोचून म्हणे, “मेंढरं राखायची सोडून लोकाची खिडकी राखताव. पगार तरी मागा.” त्यावर तात्याबा हसे आणि पुन्हा खिडकीकडे पाही.

विचारल्याशिवाय ज्ञान मिळत नाही, हे तात्याबाला शाळेत न जाताही ठाऊक होते. म्हणून तो डॉक्टरांच्या पत्नीला, रिबेकाबाईंना, कुंपणावरून प्रश्न विचारी, आणि त्याही निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून उत्तर देत. सहा दिवसांत जग निर्माण करून देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून आम्हीही घेतो, असे त्यांनी सांगितले. तात्याबाने विचारले होते की देव तरी कशाने दमला. बाई पुष्कळ वेळ हसल्या आणि म्हणाल्या की तो दमला नव्हता, त्याला आपले काम एकदा नीट पाहायचे होते. हे उत्तर तात्याबाच्या मनात खोल उतरले. कारण सायंकाळी मेंढरे वाड्यात शिरल्यावर तोही काठी टेकवून नुसता पाहत उभा राही, आणि त्याचे कारण त्याला आजवर कोणाला सांगता आले नव्हते. दहा पुरुष जमून प्रार्थना म्हणतात ती कशी दिसते, हेही तो वरचेवर विचारी, आणि ‘एक दिवस बघशील,’ असे बाई सांगत.

एका शुक्रवारी दिवे लागल्यानंतर दूर धरणाकडच्या माळावर त्याची एक मेंढी अडली. डॉक्टर पायी आले, मोटारसायकल काढली नाही. तात्याबाने आपला कंदील पेटवला आणि त्या उजेडात डॉक्टरांनी कोकरू फिरवून बाहेर काढले. काम उरकल्यावर तात्याबाच्या ध्यानात विसंगती आली. त्याने विचारले की दिवा लावणे तुम्हांला वर्ज्य, मग हा कंदील कसा चालला? डॉक्टर हात पुसत म्हणाले, “तू तुझ्या मेंढीसाठी लावलास. माझ्यासाठी लावला असतास, तर मला त्याचा उपयोग करता आला नसता.”

“आन् तुमीच मला सांगितलं आसतं तर?”

“जे मी स्वतः करायचं नाही, ते तुझ्या हातून करवून घ्यायचं, ही कसली सुटी? दिवस माझा, आणि घाम तुझा?”

तात्याबा त्या रात्री पुष्कळ वेळ विचार करीत पडला होता. उजेड एकच, परंतु तो कोणासाठी लागला यावर त्याचे मोल ठरते, ही गोष्ट त्याला नवी होती.

पुढे रिबेकाबाई वारल्या. त्यांच्या धर्मात मृताच्या जवळच्या माणसाने एक प्रार्थना म्हणावयाची असते, तिला कद्दीश म्हणतात. ती एकट्याने म्हणता येत नाही. स्वधर्मातले दहा प्रौढ पुरुष एकत्र असावे लागतात. बीडसारख्या ठिकाणी दहा कोठून आणावे? डॉक्टर दोन-तीनदा पुण्याला जाऊन आले, पण या घरात ती प्रार्थना कधी उच्चारली गेली नाही. अखेरच्या आजारात बाईंनी एवढेच मागितले होते की, माझे वर्ष याच घरात करा, मी या मुलखात, आपल्या माणसांपासून दूर, एकटीने शब्बाथ सांभाळला आहे. डॉक्टरांनी शब्द दिला होता. आता त्यांच्या पंचांगाप्रमाणे ती तिथी नेमकी शुक्रवारच्या सायंकाळी येत होती, आणि त्या एका सायंकाळसाठी डॉक्टर तीन महिने पत्रे व फोन करीत होते.

तो शुक्रवार उजाडला. दुपारी पुण्याहून गाडी आली, तीतून आठ जण उतरले. नववे अंबाजोगाईचे एक प्राध्यापक, आणि दहावे स्वतः डॉक्टर. मात्र पुण्याच्या सभास्थानात प्रार्थना चालवणारे हज्जान आयत्या वेळी तापाने आडवे झाले होते, त्यांच्या जागी त्यांचा एक भाचा आला होता. सगळे तोंडपाठ असणारे ते हज्जानच एक होते. बाकीच्यांचे जे काही होते ते पुस्तकात होते.

तात्याबा दुधाची चरवी घेऊन ओसरीवर उभा होता. माणसे नीट जमली की नाहीत म्हणून त्याने बोट पुढे केले, तोच डॉक्टरांनी त्याचे बोट हलकेच खाली केले. माणसांना आकड्याने मोजायचे नाही, असा आमचा रिवाज आहे, असे ते म्हणाले, आणि दहा शब्दांचे एक वचन पुटपुटत त्यांनी एकेका चेहऱ्यावर एकेक शब्द ठेवला. शेवटचा शब्द स्वतःवर आला तेव्हा त्यांचे डोळे ओलावले. तात्याबाला मोठा आनंद झाला. तोसुद्धा मेंढरांकडे बोट करून कधी मोजत नसे, तोंडावळ्यावरून ओळखी. खळ्यावर धान्य मापतानाही पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात. देशोदेशीच्या माणसांना मोजण्याचे भय एकाच जातीचे असते, असे त्याला वाटले.

डॉक्टरांनी त्याला बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसावयास सांगितले. “तू तिला इतकं विचारायचास, आज स्वतःच बघ,” असे ते म्हणाले. सायंकाळ होत आली. पाहुणे मागच्या दारी हातपाय धुऊ लागले. कोणी टोपी शोधत होते, कोणी मनुकांचे सरबत पेल्यात ओतून झाकत होते. वाती लावण्याच्या वेळी सगळे आतल्या खोलीत दाटीवाटीने जाऊन उभे राहिले. बाहेरच्या खोलीत तात्याबा एकटाच उरला, आणि त्याच्या दृष्टीस पडले की खिडकीतून लख्ख ऊन येत असताना वर ट्यूबलाईट जळते आहे.

तात्याबाच्या घरी दिवसाउजेडी दिवा जळत ठेवणे म्हणजे लक्ष्मीला धक्के मारून दारातून घालवणे. पाहुण्यांच्या धांदलीत डॉक्टर विसरले असावेत, असे समजून त्या सज्जन माणसाने उठून बटण बंद केले आणि समाधानाने परत उंबऱ्याशी बसला. ती ट्यूब डॉक्टरांनी हेतुपुरस्सर लावून ठेवली होती, ती उद्या सायंकाळपर्यंत तशीच जळायची होती, हे त्या बिचाऱ्याला कोठून कळावे?

मंडळी बाहेर येऊन बसली. स्वागताची गाणी सुरू झाली. चाल कुठेतरी भजनासारखी होती, आणि शब्द एकही कळत नव्हता. ऊन ओसरले, धरणाकडची बाजू तांबूस होऊन मग राखेसारखी झाली. पुस्तके डोळ्यांजवळ येऊ लागली. शेवटी एका वृद्धाने मान वर करून विचारले की वीज गेली काय? परंतु आतला फ्रिज घुर्र करीत होता. सर्वांच्या नजरा बटणाकडे वळल्या.

तात्याबाच्या ध्यानात चूक आली. तो म्हणाला, “बटन म्या बंद केलं. उन्हात जळत हुतं म्हणून,” आणि तसाच चूक दुरुस्त करायला उठला.

“थांब, तात्याबा,” डॉक्टर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “दिवे लागून गेले. आता आमच्यासाठी लावू नकोस.”

तात्याबाचा हात भिंतीपासून वीतभर दूर थांबला.

पाहुण्यांत रूबेन म्हणून चाळिशीचा एक टेंपोवाला होता. त्याने हलक्या स्वरात सांगितले की पुण्यात अर्धे लोक गाडीने प्रार्थनेला येतात, देव एका बटणासाठी रुसणार नाही. दुसऱ्याने सुचवले की आतल्या दिव्यांपाशी जाऊ, पण ती खोली चार माणसे बसण्यापुरती, दिवे जागचे हलवायचे नाहीत, आणि त्या वातींचा उजेड अक्षरापर्यंत पोहोचत नव्हता. डॉक्टरांच्या मांडीवर एक निळी वही होती. फार वर्षांपूर्वी त्यांचे वडील गेले तेव्हा रिबेकाबाईंनी कद्दीशचे शब्द त्यांच्यासाठी देवनागरीत लिहून दिले होते, कारण डॉक्टरांना मूळ लिपी धड वाचता येत नसे. वही त्यांनी उघडली, पान खिडकीकडे धरले आणि मिटली.

“सदतीस वर्षं तिनं या मुलखात हे एकटीनं पाळलं,” ते रूबेनला म्हणाले. “तिच्याच दिवशी मी मोडू? प्रार्थना म्हणता आली नाही, तर राहू दे.”

तीन महिन्यांची खटपट, दूरवरून आलेली माणसे आणि मृत पत्नीला दिलेला शब्द, हे सारे एका बोटाच्या अंतरावर अडले होते, आणि ते बोट तात्याबाचे होते. लाजेने त्याला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले.

रूबेनने त्याची अवस्था ओळखली आणि थट्टेच्या सुरात मार्ग काढून पाहिला. “तात्या, तुमची काठी हरवलीय वाटतं. शोधून बघता का जरा उजेडात?”

“काठी माझ्या हातात हाय,” तात्याबा म्हणाला. डॉक्टरांपुढे आणि त्या बाईच्या तिथीला खोटे बोलणे त्याच्याने होणार नव्हते.

परंतु कंदिलाची आठवण त्याला त्याच वेळी झाली. तू तुझ्या मेंढीसाठी लावलास. आज मेंढी नव्हती. मग या खोलीत आपले स्वतःचे असे काय अडले आहे, म्हणून तात्याबाने प्रामाणिकपणे आपल्या मनात शोध घेतला, जसा तो वाड्यात हरवलेले कोकरू शोधी. आणि ते सापडले. आठ वर्षे जे सोबत घेऊन तो हिंडत होता, तेच तर ते होते.

“डाक्टरसाहेब,” तो म्हणाला, “मला हितं बसवलं कशाला तुमी?”

“बघायला.”

“मग मला काय बी दिसंना. दहा माणसं हायती, एकाचंबी तोंड वळखू येईना. बाईला म्या लई डाव इचारलं, ते दहा जण मिळून म्हणत्यात तवा कसं दिसतं. बाई म्हणल्या, एक दिवस बघशील. त्यो दिवस आजचाच हाय, पुना येनार न्हाई.” त्याने बटणाकडे बोट केले. “मला बघायचंय. मी दिवा माझ्या बघन्यासाठी लावतो. तुमी वाचा, नगा वाचू, मला त्याचं काय बी न्हाई.”

डॉक्टर त्या अंधुक उजेडात उठून त्याच्याजवळ आले.

“तात्याबा, हे आमच्यासाठी म्हणतोयस, की खरंच?”

“बायडाबाईला इचारा,” तात्याबा म्हणाला. “आठ वर्सं झाली, खिडकी राखतोय म्हणून शिव्या खातोय तिच्या.”

वृद्ध गृहस्थांपैकी एकाला प्रथम हसू फुटले, मग प्राध्यापकांना. प्राध्यापकांनी डॉक्टरांकडे पाहून मान हलवली. माणसाने स्वतःच्या गरजेने लावलेल्या दिव्यापाशी बसायला आडकाठी नाही, एवढेच ते बोलले. तात्याबाने बटण दाबले. ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लागली.

आता त्याला सर्व दिसले. दहा टोप्या, दहा चेहरे, आणि पश्चिमेकडच्या भिंतीकडे, जेथे काही मूर्ती वा तसबीर नव्हती, त्या नुसत्या चुन्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिलेली माणसे. प्रार्थना पुढे चालली. मग डॉक्टर एकटे पुढे झाले, निळी वही उघडली आणि पत्नीच्या हस्ताक्षरावरून एकेक शब्द वाचू लागले. आवाज दोनदा अडखळला. दोन्ही वेळा बाकीच्या नऊ जणांनी एकदम ‘आमेन’ म्हणून त्यांना जणू हाताखाली धरून उभे केले. तेव्हा तात्याबाला उमगले की दहा माणसे कशाला लागतात.

तो कान देऊन एका शब्दाची वाट पाहत होता. तो आला नाही. जेवणाआधी सरबताचा पेला त्याच्याही हाती आला, तेव्हा त्याने विचारलेच, “साहेब, त्यात बाईचं नाव कुटं आलं न्हाई?”

“त्यात कोणाचंच नाव नसतं,” डॉक्टर म्हणाले. “गेलेल्या माणसाबद्दल एक अक्षर नाही. सगळी देवाची स्तुती आहे.”

“आसं कशापायी?”

डॉक्टरांनी वही छातीशी धरली होती. “इतक्या वर्षांत मलाही समजलेलं नाही. तिला विचारायला हवं होतं.”

तात्याबाने हा प्रश्न नव्या कोकरासारखा कांबळ्यात घेतला आणि घराकडे निघाला. जाताना त्याची नजर सवयीने बटणाकडे गेली. पाहणे तर झाले होते. पण तो दिवा विझवण्याची त्याला स्वतःला काहीच गरज नव्हती, आणि दुसऱ्या कोणाच्या गरजेने तो विझवायचा नव्हता. हात मागे घेऊन तो उंबरा उतरला.

मेंढवाड्याच्या दारात बायडाबाई उभी होती. कुंपणापलीकडे, आतल्या खिडकीत दोन तेलाचे दिवे होते आणि बाहेरच्या खोलीत ट्यूबचा पांढरा झोत अंगणभर पडला होता.

“शनवार लागला की त्या दिव्याला हात लावत न्हाईत म्हनं ते,” ती म्हणाली. “मग आज कुनी लावला?”

“म्या,” तात्याबा म्हणाला, आणि काठी टेकवून त्या उजेडाकडे पाहत उभा राहिला. “माझाच हाय त्यो.”