हाताळलेली नाणी

कंडक्टरबाईंचे व्याही दातांचे डॉक्टर होते, आणि नाण्यांकडेही ते दातांकडे पाहावं तसंच पाहत: भिंग लावून, चिमट्यात धरून आणि आधीपासूनच नाराज होऊन. थोर माणसांच्या आणि मोठमोठ्या वास्तूंच्या स्मरणार्थ सरकार जी नाणी काढतं, ती ते थेट टांकसाळीतून मागवत. नाणं सीलबंद डबीत यायचं, डबी मखमलीत बसायची, मखमल कपाटात जायची आणि कपाटाची किल्ली डॉक्टरांच्या खिशात. त्यांच्या घरातल्या एकाही थोर पुरुषाला गेल्या वीस वर्षांत वारा लागला नव्हता.

कंडक्टरबाईंकडेही बरीचशी हीच नाणी होती. फक्त ती बसमधून आली होती. एकतीस वर्षं बाईंनी शहरभर तिकिटं फाडली. कातडी पिशवीत असं एखादं नाणं पडलं, की आपल्याजवळचं तेवढ्याच किमतीचं साधं नाणं तिच्यात टाकायचं आणि हे काढून घ्यायचं. अशी चौसष्ट नाणी जमली. जुनी पत्र्याची तिकिटांची पेटी होतीच, तिच्या खणाखणांतून ती दाटीवाटीनं उभी होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी सगळे त्यांना कंडक्टरबाईच म्हणत, लेकीच्या सासरीसुद्धा.

कुठलं नाणं कोणी दिलं, हे बाईंना तोंडपाठ होतं. पुलाचं नाणं एका नव्या नवरीनं दिलं होतं, आणि गडबडीत नवऱ्याला बसमध्येच विसरून ती उतरली होती. शास्त्रज्ञाचं नाणं देणारे गृहस्थ शेवटच्या थांब्यापर्यंत घोरले आणि उठून बाईंनाच रागावले. पहिल्या महिला डॉक्टरचं नाणं जिनं दिलं, तिचे दिवस भरले होते. थांबा नसताना घंटी मारून बाईंनी तिला दवाखान्याच्या दारात उतरवलं होतं.

दरवर्षी वाचनालयाच्या हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन भरे आणि व्याही त्याचे अध्यक्ष असत. आपली पेटीही एकदा तिथे मांडली जावी, असं बाईंच्या फार मनात होतं. यंदा पेटी घेऊन त्या लेकीच्या सासरी गेल्या आणि त्यांनी धीर केला.

"व्याहीबुवा, माझी पेटी ठेवू का प्रदर्शनात?"

डॉक्टरांनी पेटीतलं एक नाणं चिमट्यानं उचललं, भिंगाखाली धरलं आणि दाढ किडलीय हे सांगायच्या आवाजात म्हणाले, "विहीणबाई, राग मानू नका. पण यांचं नाक पार गेलंय."

"बसमध्ये गर्दी असते हो."

"नियम आहे. हाताळलेलं नाणं मांडणीत बसत नाही. मी माझ्या सख्ख्या भावाचीही नाणी नाकारली होती."

आत स्वयंपाकघरात लेकीनं एक पातेलं जरा जोरातच आपटलं. डॉक्टर दचकले. सून तशी शांत होती, पण तिची पातेली नव्हती.

"असं करू," ते घाईनं म्हणाले, "हॉलच्या दाराबाहेर एक टेबल देतो. छत्र्यांच्या स्टँडशेजारी."

बाईंना वाईट वाटलं. खरं सांगायचं तर फारच वाईट वाटलं. जागा असूनही घरी जाताना त्या बसमध्ये उभ्याच राहिल्या.

पण मिळालं ते टेबल सोडण्यातल्या त्या नव्हत्या. प्रदर्शनाच्या दिवशी पेटी आणि सोबतीला जुना तिकिटाचा पंच घेऊन त्या हजर झाल्या. बाहेर लख्ख ऊन होतं, त्यामुळे स्टँडमध्ये एकही छत्री नव्हती. तेवढीही सोबत नव्हती. आत काचेची कपाटं, वर दिवे, आणि जागोजागी पाट्या: हात लावू नये. लोक पाठीमागे हात बांधून, शाळेची तपासणी असावी तसे गप्प फिरत होते. बाहेर पडताना बाईंच्या टेबलाकडे एखादा पाही आणि विचारी, "पाणी कुठे मिळेल?"

अकराच्या सुमारास वेताच्या कारखान्यातली मंडळी आली. वाचनालयातल्या सगळ्या खुर्च्या यांनीच विणलेल्या, म्हणून त्यांना आग्रहानं बोलावलं होतं. अकरा जण, पुढच्याच्या खांद्यावर मागच्याचा हात, कारण त्यांच्यातल्या कुणालाच डोळ्यांनी दिसत नव्हतं. सगळ्यांत पुढे काठी घेतलेले त्यांचे म्हातारे मुकादम.

डॉक्टर लगबगीनं सामोरे गेले. "या, या! इथे डावीकडे आपल्याला दिसेल की..." आणि तिथेच त्यांची गाडी अडली.

मुकादमांनी कपाटावरून हात फिरवला. मग दुसऱ्या कपाटावरून. "छान आहे," ते सभ्यपणे म्हणाले. "काच एकदम गुळगुळीत आहे."

डॉक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पाच मिनिटांत ती रांग हॉलला वळसा घालून दाराशी आली, आणि तेवढ्यात बाहेरून पंचाचा आवाज आला. टिक टिक! टिक टिक!

"पूल कोणाला हवाय? दीपगृह? शास्त्रज्ञ, डॉक्टरीणबाई, सगळे आहेत. हात लावा, दाबून बघा! पुढे सरका, सगळ्यांना मिळेल!"

मग जी झुंबड उडाली! वेताची एक काडी सैल असली तरी ओळखणारी ती बोटं. कोणी दाढी शोधून काढली, कोणी पुलाच्या कमानी मोजल्या.

"पाच आहेत."

"सहा. एक झिजलीय, नीट बघ."

"अहो बाई, या साहेबांचं नाक कुठे गेलं?" एका बाईनं विचारलं.

"थोडं थोडं सगळ्यांच्या खिशात गेलं," कंडक्टरबाई म्हणाल्या, आणि एकच हशा पिकला. बाई प्रत्येक नाण्याबरोबर त्याच्या प्रवाशाची गोष्ट सांगत होत्या. विसरलेला नवरा तर तीनदा सांगावा लागला. हॉलमधली माणसं आवाज ऐकून दारात जमली, आणि त्यांच्यामागे टाचा उंचावून डॉक्टरही.

"बाई," मुकादम म्हणाले, "घड्याळाचा मनोरा आहे का हो? जन्मभर त्याच्या टोल्यांवर उठलो, जेवलो, झोपलो. पण वर घुमट आहे की टोक, ते राहूनच गेलं विचारायचं."

बाईंचा चेहरा उतरला. मनोऱ्याचं नाणं गेल्या वर्षीचं, चांदीचं. ते बसमध्ये कुठून येणार? "ते नाही हो माझ्याकडे," त्या म्हणाल्या. कोणाकडे आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण विहिणीनं व्याह्यांकडे काय मागायचं नसतं, हेही ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मान वर केलीच नाही.

डॉक्टर आत गेले. किल्ली फिरल्याचा आवाज आला, आणि मग दाढ निघावी तसा एक 'कट्'. बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात फुटलेली डबी होती आणि दुसऱ्या हातात चिमट्यात धरलेला मनोरा. क्षणभर घुटमळले. मग चिमटा खिशात घालून त्यांनी नाणं मुकादमांच्या तळहातावर ठेवलं.

"टोक आहे," ते म्हणाले. "आणि टोकावर वारा दाखवणारा कोंबडा."

मुकादमांचं बोट वर वर चढलं आणि थांबलं. "कोंबडा!" ते ओरडले. "अरे, साठ वर्षं डोक्यावर कोंबडा बसलाय आणि मला कोणी सांगितलंही नाही!" हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोंबडा अकराही हातांतून फिरला, आणि फिरत फिरत डॉक्टरांच्याच हातात परत आला. त्यांनी स्वतः त्याला कधी बोट लावलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले.

"खिडक्या चार," ते म्हणाले.

"पाच," मुकादमांनी सुधारलं. "घाई करू नका."

त्यानंतर कंडक्टरबाईंचं टेबल बाहेर राहणं शक्यच नव्हतं. लोकांनीच ते उचललं, आणि एक बाजू अध्यक्षांनी धरली. दिव्याखाली, हॉलच्या बरोबर मधोमध टेबल टेकलं. बाईंना इतका आनंद झाला, की एकतीस वर्षं सतत चालणारं त्यांचं तोंड बंद पडलं.

डॉक्टर मात्र नाणं मुठीत धरून तिथेच उभे होते. त्याच्यावर आता बारा माणसांचे ठसे होते.

"विहीणबाई," ते खाकरून म्हणाले, "हे आता हाताळलेलं झालं. नियमानं माझ्या मांडणीत बसत नाही. तुमच्या पेटीत... एखादी जागा होईल का?"

कंडक्टरबाईंनी पेटीकडे पाहिलं. सगळे खण भरलेले होते. त्यांनी शास्त्रज्ञांना बोटानं जरा पलीकडे सारलं, पंच दोनदा टिकटिकवला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा आपला जुना आवाज काढला.

"जागा आहे, साहेब! आत या, पुढे सरका!"