रश्श्यात बुडालेले डॉक्टर

धैर्यशीलला यातून काय मिळायचं होतं, ते आधी मांडतो. दूध संघाच्या संगणक खात्याची मुख्य खुर्ची, आणि 'पोरगं हुशार हाय' असं चेअरमनसाहेबांनी चारचौघांत म्हणणं. अट एकच: जनावरांचा डॉक्टर हवा असेल तर सभासदांनी फोन करायचा सोडून, त्यानं मोबाईलसाठी बनवलेल्या 'पावणा' नावाच्या बोलक्या ॲपशी बोलायचं. म्हणून पावण्याला त्यानं आपली कोल्हापुरी चेष्टा शिकवली. लोक हसले, बोलू लागले. मग संघानं डॉक्टरांचा फोन बंदच करून टाकला.

हातकणंगल्याच्या बनाबाईंची म्हैस भर दुपारी विताना अडली. रेडकाचा एकच पाय बाहेर.

"डॉक्टर कवा येतील?" बनाबाईंनी मोबाईलला विचारलं.

"पांढऱ्या रश्श्यात बुडालेत मावशी, दोर टाकून काढतो!" पावणा म्हणाला.

"आरं मुडद्या, म्हस मराय लागलीय!"

"रागावू नका, दूध आटतंय!"

थोड्या वेळानं तोच आवाज पुन्हा आला. "डॉक्टर निघालेत. म्हशीला जागची हलवू नका."

हे मात्र खरं होतं. पण ते बनाबाईंनी कशावरून ओळखावं?

"ह्यो बी इनोदच," त्या शेजारच्या जोतीरामला म्हणाल्या. "टेम्पो लाव. दवाखान्यात न्हेऊ."

खड्डे खात म्हैस दवाखान्यात पोचली, तेव्हा डॉक्टर बनाबाईंच्या रिकाम्या गोठ्यात उभे होते. ते माघारी येईस्तोवर रेडकू आतच मेलं. म्हैस कशीबशी वाचली.

दुसऱ्या दिवशी बनाबाई संघाच्या कचेरीत उभ्या राहिल्या.

"काकी, हलवू नका म्हणून सांगितलं होतं की," धैर्यशील म्हणाला. "तुम्हीच ऐकलं न्हाय."

"कुठलं ऐकू? रश्श्यातलं का निघालेलं? आरं, मयताला आलेलं पावणं बी गप बसतंय. तुझ्या पावण्याला कोण शिकवायचं?"

धैर्यशीलनं खरंच विचार केला. "पुढच्या टायमाला चेष्टेनंतर हसल्याचा आवाज टाकतो. म्हंजी कळंल."

महिन्याभरात खुर्ची त्यालाच मिळाली. पावण्याशी बोलणारी माणसं वाढली होती, आणि त्या मोजणीत बनाबाईंची शिवीसुद्धा धरलेली होती.

त्या दिवशी कचेरीतून निघताना बनाबाईंचा मोबाईल बोलला होता, "सेवा कशी वाटली मावशी? खूश असाल तर पाच म्हशी द्या, नसाल तर एक!"

बनाबाईंनी काही दाबलं नाही. त्यांची एक देऊन झाली होती. म्हशीच्या पोटात मेली, ती रेडी होती.