ऑरव्हिलच्या दारातला दिवा

"त्या दारी नाही गं, पुढच्या!" म्हणत एका आईने आपल्या चेटकिणीला दंडाला धरून ओढलं. चेटकीण असेल चार वर्षांची. ती वळून वळून मागे बघत राहिली, कारण समोर ऑरव्हिल हेटिंगरच्या दारात दिवा चांगला लख्ख लागलेला होता. आणि हॅलोविनच्या संध्याकाळी सोंगं घेऊन खाऊ मागत हिंडताना दिवा दिसला की दार वाजवायचं, हे आमच्या सेंट लुईसमध्ये नुकतं चालू लागलेल्या पोरालाही कळतं.

मी माझ्या पायरीवर बसून, आलेल्या पोरांच्या रेघा पुठ्ठ्यावर ओढत होते. बावीस वर्षं ओढते आहे. या दिवशी आमच्या गल्लीला वेड लागतं. ब्रिंकमनांच्या अंगणात शवपेटी आपोआप उघडते-मिटते, छपरांवर कोळी चढतात, आणि कोणाच्या तरी धुराच्या यंत्रापायी दोन घरं दिसेनाशी होतात. पण विनोद सांगितल्याशिवाय एकालाही चॉकलेट मिळत नाही. तो इथला कायदाच.

ऑरव्हिलच्या दारात हा कायदा सगळ्यांत कडक. चाळीस वर्षं लोकांच्या तळघरातले बॉयलर दुरुस्त करून त्याचा चेहराही बिडाचा झालेला. चॉकलेटांची परडी त्याच्या मांडीवर. हसायचं खातं बायकोकडे, व्हर्नाकडे. पोराने तोंड उघडलं की ती निम्म्यातच खिदळायची. हा म्हणायचा, "गेल्या वर्षी एका समुद्री चाच्याने सांगितलाय हा. दुसरा काढ." पोरं महिनाभर तयारी करायची ती याला हसवायला. कोणालाच जमलं नाही.

जूनमध्ये व्हर्ना गेली. गल्लीच्या बैठकीत मीच म्हटलं, "यंदा त्याच्या दारी विनोद नकोत, बरं दिसत नाही. पोरांना सांगून ठेवा." सगळ्यांनी माना डोलावल्या. स्वतःच्या शहाणपणावर मी खूश. त्याला विचारायचं मात्र कोणालाच सुचलं नाही.

म्हणून सहा वाजता त्याचा दिवा दिसला, तेव्हा मला वाटलं, विसरला असेल. मग तो परडी घेऊन बाहेर आला. डोक्यावर व्हर्नाची वटवाघळाच्या कानांची टोपी. या माणसाने जन्मात कधी सोंग घेतलेलं नव्हतं.

सात वाजता तो उठला, दिवा काढला, कानाशी हलवून पाहिला, पुसून परत बसवला. बिघाड दिव्यातच आहे, असं त्याला वाटत होतं.

तेव्हाच उठून जायला हवं होतं. पण माझ्या पायरीवर रांग होती. आणि खरं सांगायचं, तर लाज वाटली.

आठला गल्ली पांगली. ऑरव्हिल रस्ता ओलांडून आला. परडी शिगोशीग.

"लुसिल, माझ्या घराला काय झालंय गं?"

"घराला काही नाही. मीच सगळ्यांना सांगितलं, तुझ्याकडे जाऊ नका म्हणून. वाटलं, तुला त्रास होईल."

त्याने टोपीचे कान चाचपले. मग म्हणाला, "पंधरा दिवस आरशापुढे हसायची तालीम करतोय मी. तिचं काम आता मलाच करायला हवं ना?"

"घरी जा," मी म्हटलं. "दार लावून घे. दिवा राहू दे."

तो गेला. मी मागोमाग जाऊन, सत्तरीची बाई, त्याचं दार वाजवलं. त्याने उघडलं. टोपी सारखी केली.

"सांगाड्याला थंडी का वाजते?" मी विचारलं.

"का?"

"आत काहीच नसतं. वारा आरपार जातो."

त्याने तोंड उघडलं. तालमीतलं हसू बाहेर आलं, बंद पडलेला बॉयलर दोनदा खाकरावा तसं, आणि तिथेच थांबलं.

"हा व्हर्नाचा," तो म्हणाला.

"हो. तिनेच सांगितला होता."

त्याने परडी पुढे केली. मी एक घेतलं. तो दारातून हलेना, परडीही मागे घेईना.

"आणखी घे," तो म्हणाला. "खूप आहेत."