ओली चक्री

मला ओळखणारी माणसं थोडी, आणि तीही मला अंधारातच हाताळतात. कॅमेऱ्यातून काढलेली फिल्म घरच्या घरी धुवायची, तर ती आधी माझ्यावर चढवावी लागते. मी चक्री. प्लॅस्टिकच्या दोन गोल तबकड्या, मध्ये दांडी, आणि तबकड्यांच्या आतल्या अंगाला गोगलगाईच्या पाठीसारखी फिरत गेलेली खाच. त्या खाचेतून फिल्मची कड सरकत जाते, एका वेढ्याला दुसरा वेढा लागत नाही, आणि डब्यात ओतलेलं औषध प्रत्येक फोटोपर्यंत पोचतं. फिल्मला फिल्म चिकटू द्यायची नाही, एवढंच माझं काम. तेवढं एक काम एकदा मला जमलं नाही. मला मान नाही, पण असती तर ती खाली घालूनच हे सांगितलं असतं.

माझा जन्म साच्यातला. तिथून खोक्यात, खोक्यातून एका फोटोच्या दुकानात. दुकानदार म्हातारा, गळ्यात दोरीला भिंग लटकवलेला. त्याच्या फळीवर मी तीन वर्षं धूळ खाल्ली. मग माझा मालक आला, त्याने मला कानाशी धरून फिरवलं, माझ्या तोंडाशी बसवलेले दोन छर्रे वाजतात का ते ऐकलं, आणि घरी आणलं.

मालक कवळ्या बनवतो. दातांच्या दवाखान्यांतून ठसे येतात, हा प्लास्टर ओततो, मेण कोरतो, दात बसवतो. "केसाएवढं चुकलं तरी माणसाच्या डोळ्यांत जेवताना पाणी येतं," असं तो म्हणायचा, आणि लगेच पुढे, "माझा हात चुकत नाही." खरंच चुकत नसे. रुंद फिल्मचा एक जुना कॅमेरा होता त्याच्याकडे, एका फिल्मवर बारा चौकोनी फोटो येणारा. महिन्यातून एखादी फिल्म धुतली की मला पुसून दोन दिवस खिडकीत वाळवायचा. मग पुढची फिल्म. काळ्या कापडाच्या दुपदरी पिशवीत मी, डबा आणि फिल्म. पिशवीला दोन बाह्या, त्यांतून त्याचे हात आत. बाहेर लख्ख दुपार असली तरी आत काळोख. तो चाचपून फिल्मचा कागद सोडवायचा, कड माझ्या तोंडात द्यायचा, आणि एक तबकडी पुढे-मागे, पुढे-मागे करायचा. माझे छर्रे कड धरायचे, सोडायचे, आणि फिल्म आत यायची.

त्याच्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि चेहऱ्याची डावी बाजू उतरली. बाई मोठ्या बोलक्या, पण त्यानंतर दार वाजलं की आतल्या खोलीत जायच्या. जुनी कवळी तोंडात टिकेना. मालकाने नवी बनवली. सात वेळा बसवली, सात वेळा घासली. आठव्यांदा बसली, त्या रविवारी बाईंनी बिस्कीट चावून खाल्लं आणि म्हणाल्या, "जावईबापू, काढा माझा फोटो. दात तुमचेच आहेत, तुम्हाला दाखवायला कसली लाज?"

त्याने खिडकीशी खुर्ची टाकली. बाराही फोटो त्यांचेच काढले. नंतर बायकोला सांगत होता, "चौथ्याला हसल्या गं. अर्ध्याच तोंडाने, पण पूर्ण हसल्या."

त्याच दिवशी सकाळी त्याने माझ्यावर दुसरी एक फिल्म धुतली होती. मी अजून ओली होते. त्याला दम निघेना. टॉवेलने पुसलं, चार झटके दिले आणि मला पिशवीत सारलं. वरून मी कोरडी लागत असेन. आतल्या वेढ्यात मात्र पाणी होतं, आणि ते मला ठाऊक होतं.

एक फोटो आत आला. मग कड ओली झाली, फुगली आणि खाचेला चिकटली. पुढे-मागे, पुढे-मागे, फिल्म जागची हलेना. पिशवीत त्याचे हात घामेजले. थांबला असता, फिल्म डब्यात टाकून झाकण लावलं असतं, मला बाहेर काढून वाळवलं असतं, तर काहीच बिघडलं नसतं. त्याने जोर केला. माझ्या कडेचा टवका उडाला, फिल्म दुमडली. त्याने ओढून काढली, परत घातली, परत दुमडली. शेवटी कशीबशी कोंबून झाकण लावलं.

धुऊन बाहेर काढली तेव्हा वेढे एकमेकांना चिकटलेले होते. जिथे औषध पोचलं नाही तिथे दुधट डाग, आणि जिथे दुमडली तिथे नखाएवढ्या चंद्रकोरी. बारांतला एकच फोटो वाचला होता. शेवटचा. त्यात सासूबाई खुर्चीतून उठतायत. खुर्चीची पाठ, त्यांचा हात, खांदा. चेहरा चौकटीबाहेर.

बायको दारात येऊन म्हणाली, "आले का हो?"

तो म्हणाला, "फिल्मच खराब निघाली."

किती पटकन म्हणाला. मला वाटलं, आता पुढे काही बोलेल. बोलला नाही. मला घासून घासून धुतलं, जणू पुरावाच पुसत होता.

बायको गप्प बसणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी तिने कॅमेरा, फिल्म, डबा आणि मला पिशवीत भरलं आणि त्याला पुढे घालून दुकान गाठलं. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "आमच्या आईने कधी नव्हे तो फोटो काढू दिला, आणि तुम्ही असला माल विकता?"

म्हाताऱ्याने भिंग लावून फिल्म पाहिली. चंद्रकोरींवर भिंग थांबलं. मग त्याने मला उचललं आणि उडालेल्या टवक्यावरून अंगठा फिरवला. मालकाकडे एकदाच पाहिलं. मालक काचेच्या कपाटातल्या लेन्सा बघत होता.

"होतं असं कधी कधी, वहिनी," म्हातारा म्हणाला. "ही नवी फिल्म घ्या."

आणि मालकाने ती घेतली.

पुढचे तीन महिने मी कपाटात होते. माझ्या तोंडाला वाचा नाही, म्हणून गप्प होते. त्याच्या तोंडाला होती. ती नवी फिल्म माझ्या शेजारी तशीच बंद पडून राहिली. कपाटाच्या दारापलीकडचं सगळं ऐकू यायचं. सासूबाई जेवायला सगळ्यांबरोबर बसेनात. बोलल्या तर तोंडावर रुमाल धरून. बायको म्हणायची, "आईला काय झालंय कळत नाही. चांगली सुधारली होती." तो "हं" म्हणायचा.

एका दुपारी बायको स्वयंपाकघरात असताना सासूबाई त्याच्या टेबलापाशी आल्या. तो एका कवळीला पॉलिश करत होता.

"जावईबापू, एक विचारते. खरं सांगाल?"

"विचारा ना, आई."

"फोटो आले होते, हो ना?"

"नाही हो, फिल्म..."

"लेक म्हणाली, एकच आला. नेमका तोंड नसलेलाच कसा आला मग?" त्यांचे शब्द ओठाच्या एका कोपऱ्यातून अडखळत येत होते. "मी काही रागावले नाही. तुम्ही बघितले असतील आणि तुम्हालाच कसंसं झालं असेल. मला वाईट वाटू नये म्हणून फाडले असतील. तुम्ही चांगले आहात. फक्त, आता परत नका विचारू फोटोचं."

पॉलिशचं यंत्र कितीतरी वेळ रिकामंच फिरत होतं. मग त्याने ते बंद केलं, कपाट उघडलं, मला आणि त्या वाया गेलेल्या फिल्मचं पाकीट काढून त्यांच्यासमोर ठेवलं.

"फिल्म चांगली होती," तो म्हणाला. "ही चक्री ओली होती. मी वाळू दिली नाही. अडकली, तर जोर केला. शेवटचा फोटो सगळ्यात आधी आत जातो, म्हणून तेवढा वाचला. बाकीचे मी बघितलेच नाहीत, आई. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. माझा हात चुकला हे सांगायची लाज वाटली."

बाईंनी मला चांगल्या हातात घेतलं.

"तुमची लाज तीन महिने मी अंगावर वागवली म्हणायची," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या लेकीला त्या म्हाताऱ्याशी भांडायला नेलंत?"

लेक दारात उभी होती, हाताला पीठ. संध्याकाळी तिने मला पिशवीत टाकलं आणि चपला घालताना नवऱ्याला एवढंच म्हणाली, "चला. आता तुम्ही बोलायचं, मी ऐकणार."

तो दुकानात बोलला, गिऱ्हाइकांसमोरच. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. "मला त्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "पण बायकोसमोर माणसाला उघडं कसं पाडायचं? वाटलं, उद्या एकटा येईल. रोज वाटायचं." एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. ते 'रोज' मालकाला फार लागलं. घरी येऊन तो जेवला नाही.

सासूबाई पुढच्याच आठवड्यात खुर्चीत बसल्या. अट एकच, फिल्म चढवताना त्या शेजारी असणार. मला त्यांनी स्वतः दोन दिवस खिडकीत ठेवलं होतं. पिशवीत त्याचे हात गेले. पाचव्या फोटोशी फिल्म अडली, कोरडी असूनही अडते कधी कधी.

"अडकली," तो मोठ्याने म्हणाला.

"मग थांबा," सासूबाई म्हणाल्या. "घाई कुणाला आहे?"

तो थांबला. बोटं सैल सोडली, कड हलकेच मागे घेतली, परत दिली. फिल्म आत आली. बाराही फोटो आले. छापून आल्यावर बाईंनी ते खिडकीपाशी नेऊन एकेक पाहिले. चेहरा होता तसाच होता, एका बाजूने उतरलेला. "बरी आहे की मी," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी सगळ्यांबरोबर जेवल्या.

पण हसलेला एकही नव्हता त्यांत.

माझ्या कडेचा टवका अजून तसाच आहे. मालक नवी चक्री आणत नाही. मला हातात घेतलं की त्याचा अंगठा हमखास तिथे जातो, आणि मग तो मला आणखी एक दिवस वाळू देतो. तुमच्या घरी माझी कुणी बहीण असेल तर तिला नीट वाळवा. आणि तरीही काही वाया गेलंच, तर ज्याचं गेलं त्याला त्याच दिवशी सांगा. तुम्ही गप्प बसलात की तो आपल्यातच खोट शोधत बसतो.

त्या चौथ्या फोटोतलं हसू एकदाच मालकाच्या डोळ्यांसमोर आलं, आणि एकदा माझ्या ओल्या खाचेतून गेलं. बाईंनी स्वतः ते कधी पाहिलंच नाही.