रंग बघणारी माणसं

नेउझाने केसांचा चिमटा तापायला ठेवला तेव्हाच मी हातातलं काम टाकून उठले.

नेउझा माझी भावजय. माझा भाऊ गेल्यापासून ती घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे केस सरळ करून देते. त्या औषधाचा वास डोळ्यांत जातो, घशात बसतो, तरी अर्धी गल्ली तिच्या दारात असते. तिची मुलगी जुसारा सरकारी विद्यापीठात डॉक्टरकीला लागली होती. म्हणजे जवळजवळ लागली होती. सरकारी शाळेत शिकलेल्या काळ्यासावळ्या मुलांसाठी राखलेल्या जागांत तिचं नाव आलं होतं. खुल्या जागेसाठी गुण थोडक्यात कमी पडत होते, आणि खासगी कॉलेज आमच्या सात पिढ्यांना झेपलं नसतं. आता विद्यापीठाच्या समितीने तिला डोळ्यांनी बघून ‘हो, ही सावळी आहे’ म्हणायचं तेवढं बाकी होतं.

हसू नका. समिती हवीच होती. पूर्वी नुसतं अर्जात लिहिलं की भागायचं, तेव्हा घाऱ्या डोळ्यांची बड्या घरची पोरं कुठलीतरी सावळी पणजी उकरून काढायची आणि आमच्या पोरांच्या जागेवर बसायची. मला त्यांचा अजून राग येतो.

पण जुसाराची कातडी आईची. दुधाळ कॉफीचा रंग, आणि आमच्या दक्षिणेकडच्या कमी उन्हाच्या हिवाळ्यात तर कॉफी कमी, दूधच जास्त. नाकही आईचं. बापाचे होते ते केस. दाट, बारीक कुरळे. परीक्षेच्या वर्षात तिने ते मोकळे वाढू दिले होते.

“केस राहू देत तसेच,” मी म्हटलं.

“काय बोलतेस, इवोनी? मोठ्या लोकांसमोर पोरगी अशी झिपरी नेऊ? आईचं दुकान आणि मुलीच्या डोक्यावर घरटं!”

“त्यांना तेच बघायचंय.”

“बघायला बोलावलंय म्हणूनच नीट जायचं. मला कपड्यांच्या दुकानात का घेतलं नाही, सांग ना. ‘नीटनेटकी मुलगी हवी’ असं दारावर लिहिलं होतं. नीटनेटकी म्हणजे सरळ केसांची, ते मला तिथे कळलं.”

“आई, आत्या बरोबर बोलतेय,” जुसारा म्हणाली.

“तू गप्प बस. आत्याने कधी डोक्याला फणी लावलीय?”

मी काळीठिक्कर. मला बघायला समितीला चष्मासुद्धा लागला नसता. त्यामुळे नेउझाला वाटायचं, हिचं काय जातंय बोलायला. बाप गेल्यापासून जुसारा आईला नाही म्हणत नसे. ती खुर्चीत बसली, नेउझाने औषध लावलं. चिमट्यातून धूर निघाला. संध्याकाळी ती उठली तेव्हा केस पाठीवर सळसळत होते. खरं सांगते, सुंदर दिसत होती. मला धडकी भरली.

दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीत कॅमेरा लावलेला. जुसाराने आपलं नाव सांगितलं आणि ‘मी सावळी आहे’ म्हणाली. टेबलामागच्या माणसांनी तिच्याकडे बघितलं. कुणी काही विचारलं नाही. मी भावाचा फोटो घेऊन दारात गेले. तिथे माझ्याच रंगाची, माझ्याच वयाची एक बाई उभी होती.

“फोटो चालत नाही, बाई. घरचं कोण कसं ते बघत नाही आम्ही. मुलगी कशी दिसते तेवढंच.”

“बाप आहे हो तिचा!”

“ते मला दिसतंय,” ती म्हणाली, आणि तिने मान फिरवली.

निकाल फोनवर आला. अपात्र. नेउझाने अपील केलं आणि कात्री घेतली. औषधाचा सरळपणा धुऊन जाणारा नव्हता. मुळापासूनच काढावे लागले. जुसारा आरशाकडे पाठ करून बसली होती. अपिलाची तारीख येईपर्यंत तिच्या डोक्यावर माझ्या भावाचे केस उगवले, आखूड आणि घट्ट. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला रडू फुटलं.

आम्ही तिघी विद्यापीठात गेलो. कारकून म्हणाला, “मुलीला कशाला आणलंत? अपिलाची समिती आधीचंच चित्रण बघते.”

“अहो, पण तिला बघा तरी एकदा!” नेउझा ओरडली.

दार बंद झालं. आत पडद्यावर सळसळत्या केसांची जुसारा आपण सावळी असल्याचं सांगत होती, आणि बाहेर बाकावर खरी जुसारा नखं खात होती. निकाल तोच राहिला. जागा गेली.

परतताना नेउझाचं डोकं दुखायला लागलं, म्हणून औषधांच्या मोठ्या दुकानात शिरलो. मी दारातच थांबले. अशा दुकानांत माझ्या रंगामागे रखवालदार लागतो, हा माझा अनुभव आहे. जुसारा गोळ्या शोधत आत गेली, तसा रखवालदार तिच्या मागे चालू लागला. ती वळली की तोही वळायचा.

“ए पोरी, पिशवी उघड.”

“ती माझी मुलगी आहे!” नेउझा धावली. त्याने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. त्याला ते काही पटलं नाही.

जुसाराने पिशवी उघडून त्याच्यासमोर धरली. आत पाण्याची बाटली आणि ओळखपत्र. त्याने खालपर्यंत हात घालून चाचपलं आणि “जा” म्हणाला.

ती हलली नाही.

“काका,” ती अगदी अदबीने म्हणाली, “मला नुसतं बघून तुम्ही मागे आलात, एवढं कागदावर लिहून द्याल का?”