उजवी पाकळी

रत्नागिरीच्या खाडीकाठी भात, नारळ आणि मुंबईला धाडायचे मुलगे अशी तीन पिकं निघत. त्यातलं तिसरं कधी बुडालं नाही. येसूबाईचा थोरला सदू गिरणीत गेला आणि बायकोसकट तिथेच मुरला. मधला धोंडू बोटीवर कोळसा मारायला लागला. त्याचं शेवटचं पत्र तीन वर्षांपूर्वी अशा बंदरातून आलं, की पोस्टमनने नाव वाचायचं टाळलं. उरला केरू. १९३१च्या मे महिन्यात तोही म्हणाला, "आये, शेवटच्या आगबोटीनं जातंय."

शेवटची बोट चुकली की बंदर पावसाचे चार महिने बंद. तेवढ्यात मिरजोळ्याच्या मुलीशी लग्न लावून टाकायचं, हा येसूबाईचा बेत.

पण परगावी जायचं तर आधी देवीला कौल लावायचा, ही गावची रीत. रावजी गुरव देवीच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओली पाकळी चिकटवी. उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर बस. पाकळ्या ताटात मांडून द्यायचा मान येसूबाईच्या घराचा. चार पिढ्यांत त्या मानाचा कुणाला काडीचा उपयोग झाला नव्हता. येसूबाईने उजव्या पाकळीच्या पाठीला फणसाचा चीक लावला. रावजीच्या बोटांना चिकट लागलं; पण मे महिन्यात कोकणात कुणाची बोटं चिकट नसतात?

डावी पडली. केरूने ट्रंक माळ्यावर टाकली. आगबोट भोंगा वाजवून गेली. येसूबाईने त्या दिवशी खीर केली.

उजवी मात्र पडेना. रोजच्या स्नानातही हलेना. सुकली, काळी पडली आणि पाषाणाला तशीच राहिली. लोक बघायला येऊ लागले. नवव्या दिवशी मुलीचा बाप गंगाराम आला, तो ओटीवर टेकलासुद्धा नाही.

"येसूबाय, नुसती वाट अडवायची असती तर देवीनं पाकळी दुसऱ्या दिवशी सोडली असती. ही धरून बसलीय. तिनं वाट नाय, माणूस धरलाय."

सोयरीक मोडली. मग केरू दिसला की बाया पोरं घरात ओढू लागल्या. शेजाऱ्याने त्याला आपल्या शेताच्या बांधावरून परत पाठवला, अगदी नम्रपणे. केरूने जेवण टाकलं.

"आये, देवीनं माझं काय बघितलं असेल गो?"

खरं सांगावं, तर देवीशी लबाडी केली म्हणून गाव पाणी तोडून वाळीत टाकणार. चिकावर उपाय एकच, खोबरेल. भर दुपारी रावजी सभामंडपात घोरत असताना येसूबाईने पाषाणाला तेल चोळलं. पाकळी सुटली आणि तिच्या तेलकट बोटांतून निसटून खाली पडली. नेमका रावजी उठला.

"पडली! उजवी पडली!" त्याने घंटा बडवली. बाई तेलाची वाटी घेऊन देवळात का उभी आहे, हे कुणी विचारलं नाही. देवळात बायका तेलच आणतात.

केरू त्या दिवशी दोन माणसांचं जेवला आणि ट्रंक काढली. आगबोटी बंद झाल्या होत्या. पण सुलेमान तांडेलाचा शिडाचा मचवा मुंबईसाठी आंब्याच्या पेट्या भरून बंदरात अडकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सुलेमान पश्चिमेच्या काळ्या ढगांकडे बराच वेळ बघत राहिला.

"माल सडतोय म्हणून निघतोय, नायतर मी मचवा वर ओढला असता," तो म्हणाला. "तुला देवीनं सोडलंय ना? मग बस बाबा. मलाही तेवढाच धीर."

येसूबाई पाण्यात गुडघाभर शिरली. "केरू, चीक होता रे! मीच लावला, मीच तेलानं काढला. देवी काय बोललीच नाय!"

केरू कितीतरी दिवसांनी हसला. "सदूदादाच्या वेळी तुझ्या छातीत दुखलं. धोंडूदादाच्या वेळी विहिरीत उडी घेणार होतीस. आता देवीलाच खोटी पाडतेस?"

"इतके दिवस मी देवीला ह्या हातांनी अंघोळ घातली," मागून रावजी दुखावल्या आवाजात म्हणाला. "मला चीक कळला नसता?"

लोक हसले. काठावर सहा जण गाठोडी घेऊन सकाळपासून घुटमळत होते. चढावं की परतावं, ठरत नव्हतं. कौल मिळालेला माणूस मचव्यात आहे हे कानावर पडताच तेही एकेक करून चढले. येसूबाईने त्यातल्या पहिल्याचा सदरा धरला. त्याने तो हळूच सोडवून घेतला आणि म्हणाला, "मावशे, भिऊ नको. तुझ्या लेकाच्या पुण्याईनं आम्हीपण पोचतो."

सुलेमानने दोर सोडला.